वॅट किती हवेत? बँडसाठी गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प निवडताना

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज वाढवण्याचे काम काचेच्या निर्वात नळ्या करतात. रेडिओच्या जमान्यात त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणत. तार छेडली की गिटारच्या पिकअपमध्ये जेमतेम व्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा विद्युतदाब तयार होतो. एवढ्याशा दाबाने स्पीकरचा कागदी शंकू हलत नाही, म्हणून तो टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. नळीत मधोमध कॅथोड असतो. ६.३ व्होल्टवर चालणारा हीटर त्याला लालसर होईपर्यंत तापवतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. काही शे व्होल्टवर असलेली प्लेट ते ओढून घेते. दोहोंच्या मध्ये जाळी असते. गिटारचा दुबळा संदेश या जाळीवर येतो आणि इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. १९०४मध्ये फ्लेमिंगने दोन अग्रांची नळी बनवली, १९०६मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात जाळी घातली, आणि विद्युतसंदेश वाढवणे शक्य झाले.

१९४७मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रेडिओतून नळ्या गेल्या. गिटारवाल्यांनी मात्र त्या सोडल्या नाहीत. याचे कारण नळी थकते कशी, यात आहे. साधे ट्रान्झिस्टर सर्किट मर्यादेपर्यंत स्वच्छ वाजते आणि मर्यादा येताच लहरीचा माथा एकदम कापते. त्यातून कानाला बोचणारे वरचे स्वर निघतात. नळीचे सर्किट मर्यादा जवळ येऊ लागली की आधीपासूनच लहरीचा माथा गोलसर करत जाते. हलक्या हाताने वाजवले तर सूर स्वच्छ, जोरात वाजवले तर किंचित खरखरीत, अशी वादनाची धार थेट बोटांच्या ताब्यात राहते. ‘ट्यूबमधून सम पटीतले स्वर येतात म्हणून आवाज गोड’ हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. पुश-पुल, म्हणजे दोन नळ्या आळीपाळीने काम करतात अशा, जोडणीच्या पॉवर ट्यूबमध्ये तेच सम पटीतले स्वर बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. गोडव्यात पुढच्या छोट्या नळ्यांचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरचाही तेवढाच वाटा असतो.

स्पीकरचा वाटा तर विशेष मोठा. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचा आवाज फारसा देतच नाही. खरखरीतले टोकदार स्वर तिथेच गळतात. महाराष्ट्रातल्या बेंजो पार्ट्यांमध्ये बेंजोचा पिकअप सरळ कर्ण्याच्या लाउडस्पीकरला जोडतात. मिरवणुकीत तो धारदार आवाज दूरवर जातो आणि तिथे तोच कामाचा असतो. गिटार खरखरीत करून त्याच कर्ण्याला जोडली तर तिची किंकाळी होते.

अ‍ॅम्प घेताना पहिला प्रश्न वॅटचा येतो आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. ३० वॅटचा अ‍ॅम्प १५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. वॅट दुप्पट झाले की ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबल देणारा स्पीकर धरला तर १५ वॅटला तो सुमारे ११० डेसिबल देतो, ३० वॅटला ११३ आणि ६० वॅटला ११६. बंद खोलीत ड्रमसेट जोरात वाजला तरी १०० ते ११०च्या आसपासच असतो. याचा सरळ अर्थ असा की ड्रमवाल्याबरोबर वाजवायला १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू दुकानात क्वचितच सांगितली जाते. ९४ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून त्या जागी १०० डेसिबलचा बसवला तर पातळी ६ डेसिबलने वाढते. नळ्या, ट्रान्सफॉर्मर काहीही न बदलता चौपट वॅट मिळाल्यासारखे होते. वॅटच्या आकड्याआधी स्पीकरच्या संवेदनशीलतेचा आकडा वाचावा तो यासाठी.

वॅट किती, हे खरे तर गाण्यांवर ठरते. रॉक वाजवणाऱ्याला अ‍ॅम्प लवकर खरखरायला हवा असतो. त्याला दोन ईएल ८४ नळ्यांचा १५ वॅटचा अ‍ॅम्प भरपूर होतो. व्हॉक्सचा एसी १५ याच जातीचा. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात हिंदी-मराठी चित्रपटगीते वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राला उलट स्वच्छ सूर हवा असतो, आणि मोठ्या आवाजातही तो फाटून चालत नाही. तिथे दोन ६व्ही६ नळ्यांचा, २२ वॅटचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब किंवा त्या धाटणीचा अ‍ॅम्प बरा. त्याच कंपनीचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा आणि अतिशय स्वच्छ वाजणारा आहे, पण त्याचे वजन २९ किलोच्या घरात आहे. मंगल कार्यालयाचा जिना चढताना ते जाणवते.

मोठ्या अ‍ॅम्पचा सोस १९६०च्या दशकातला. लंडनच्या जिम मार्शलने फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून आपला पहिला अ‍ॅम्प बनवला आणि १९६५च्या सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडच्या आग्रहावरून १०० वॅटपर्यंत मजल मारली. तेव्हा गिटारचा आवाज माइकवर घेऊन सभागृहभर पोहोचवणारी सक्षम ध्वनियंत्रणा नव्हती. सगळी मदार स्टेजवरच्या अ‍ॅम्पवर होती. आज तशी गरज उरलेली नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यासारख्या गावात बँडला तीन प्रकारच्या जागा भेटतात. पहिली सरावाची खोली. जुन्या पेठांमध्ये भिंतीला भिंत लागून घरे आहेत आणि कितीतरी घरांत पैठणीचे माग आहेत. तिथे १५ वॅटही जास्तच होतात. मास्टर व्हॉल्यूम (खरखर कायम ठेवून एकूण आवाज कमी करणारे बटण) असलेला, किंवा एका वॅटवर उतरवण्याची सोय असलेला अ‍ॅम्प इथे उपयोगी पडतो. एक वॅटही मीटरभर अंतरावर ९८ डेसिबल देतो, हे वर आलेच आहे. कानांचा हिशेबही ठेवायला हवा. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. ड्रमसोबत सराव करणाऱ्या प्रत्येकाने कानात बोळे घालायलाच हवेत.

दुसरी जागा मंगल कार्यालयाची आणि तिसरी उघड्या मैदानाची. डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतर घोषणेच्या स्मरणार्थ १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जमणारा समुदाय डोळ्यांसमोर आणला म्हणजे मैदानाचा हिशेब कळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. स्टेजवर एक मीटरवर ११० डेसिबल असलेला आवाज ३२ मीटरवर ८० डेसिबलच उरतो. नुसत्या अ‍ॅम्पच्या जोरावर तिथेही ११० न्यायचे तर हजारपट, म्हणजे १५ हजार वॅट लागतील. १५चे ३० किंवा ५० करून मैदान जिंकता येत नाही. ते काम साउंडवाल्याच्या यंत्रणेचे आहे आणि अ‍ॅम्पने फक्त चांगला सूर तयार करून तो माइकला द्यायचा आहे.

माइक लावण्याची रीत सोपी आहे, तरी लक्ष देऊन करावी लागते. साधा डायनॅमिक माइक स्पीकरपुढच्या जाळीपासून चार-पाच सेंटीमीटरवर ठेवतात. शंकूच्या अगदी मध्यावर रोखला तर आवाज चरचरीत येतो. दोन-तीन सेंटीमीटर बाजूला सरकवला की भरीव होतो. गिटारचा स्पीकर टॉर्चच्या झोतासारखा समोर आवाज फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवर जातो, त्याला स्वतःला ऐकू येत नाही आणि मग तो बटण वाढवत राहतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे तिरका करावा. स्टेजवरची निम्मी भांडणे तेवढ्याने मिटतात.

कायदाही छोट्या अ‍ॅम्पच्याच बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही; वर्षातले ठरावीक सणांचे दिवस राज्य सरकारने सवलत दिली तर बारापर्यंत मुभा मिळते. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर आसारी (मांज्याची फिरकी), पतंग आणि हलकडी या वाद्याच्या जोडीने स्पीकरही चढतात, तेव्हाही हेच नियम लागू असतात. मुंबईत १९८६मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात गाजत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले रॉकचे कार्यक्रम बंद झाले आणि शहरातली एक चांगली उघडी जागा बँडांच्या हातून गेली.

अ‍ॅम्पची खरी परीक्षा मात्र विजेवर होते. हीटरच्या ६.३ व्होल्टला साधारण दहा टक्क्यांची सूट असते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या भाषेत हा पट्टा २०७ ते २५३ चा होतो. दाब २००वर घसरला तर कॅथोड पुरेसा तापत नाही आणि सूर मरगळतो. २५३च्या वर गेला तर नळ्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. शेतीपंप एकदम सुरू होणाऱ्या भागात आणि जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर हे दोन्ही घडते. १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प भिंतीतून शंभर वॅटच्या आसपास वीज ओढतो, त्यामुळे छोटा सर्व्हो स्टॅबिलायझर पुरतो. अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा असतो. तो थेट २३०ला लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन लावूनही फक्त ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्‌झवर जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अर्थिंग नसेल तर गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ असा शॉक बसतो. जीवावर बेतणारा धोका आहे हा. कार्यक्रमाआधी टेस्टरने माइकची जाळी आणि गिटारच्या तारा तपासाव्यात, दिवा लागला तर सुरुवात करू नये, आणि अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन तर कधीच कापू नये.

ट्यूब अ‍ॅम्पचा आणखी एक दंडक आहे: स्पीकर जोडल्याशिवाय तो वाजवायचा नाही. नळ्यांना पुढे हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ही सांगड आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. दोन ईएल ८४ नळ्यांना सुमारे ८००० ओहम लागतात, म्हणजे हजारास एक असे प्रमाण, आणि त्यासाठी वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे ३२ला १. स्पीकरची वायर निघाली की दुसऱ्या बाजूचा भार नाहीसा होतो, ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड दाब उसळतो आणि त्याचे आवरण फुटू शकते. म्हणून स्पीकरला जाड स्पीकर केबलच हवी, गिटारची बारीक केबल नको.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. एकेकाळी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे आणि तालुक्याच्या गावातला रेडिओ मेकॅनिक ते बदलून देई. आज नळ्या मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२मध्ये रशियातून निर्यात अडली तेव्हा जगभर भाव चढले. म्हणून दुर्मिळ नळीच्या अ‍ॅम्पपेक्षा ईएल ८४, ६व्ही६, ६एल६, ईएल ३४ या चालू नळ्यांचा अ‍ॅम्प घ्यावा. नियमित वाजवणाऱ्याच्या पॉवर ट्यूब वर्ष-दोन वर्षांत उतरतात. पुढच्या १२एएक्स७ जास्त टिकतात. कॅथोड बायसच्या, म्हणजे नळीचा स्थिर प्रवाह आपोआप ठरवणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये जुळवलेली नवी जोडी बसवली की काम झाले. फिक्स्ड बायसमध्ये मीटर लावून प्रवाह जुळवावा लागतो आणि त्यासाठी जाणकार गाठायला नाशिक किंवा मुंबईची वाट धरावी लागते. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टपर्यंतचा दाब टिकून राहतो, त्यामुळे हौसेने पाठ उघडून हात घालू नये.

येवल्यातल्या नव्या बँडने १५ ते २२ वॅटचा, एका बारा इंची स्पीकरचा, २३० व्होल्टचा आणि शक्यतो कॅथोड बायसचा अ‍ॅम्प घ्यावा. उरलेल्या पैशांत एक चांगला माइक, स्टॅबिलायझर आणि सुट्या नळ्यांची एक जोडी येते, आणि कार्यक्रमाच्या रात्री उपयोगी पडतात त्या याच तीन वस्तू.