कपाटातला १० नंबर

दोस्तांनो, फुटबॉलमध्ये १० नंबरचा शर्ट म्हणजे केवढा मान! पण इटलीतल्या नेपल्स शहराच्या नापोली क्लबात तो कुणालाच मिळत नाही, कितीही भारी खेळाडू येऊ दे.

तो शर्ट दिएगो मॅराडोनाचा. १९८४ साली हा ठेंगणा अर्जेंटिनी जादूगार तिथे आला, तेव्हा नापोलीने इटलीची लीग एकदाही जिंकली नव्हती. उत्तरेकडची श्रीमंत शहरं या दक्षिणेतल्या गरीब शहराला हिणवायची. मॅराडोनाने १९८७ आणि १९९० मध्ये लीग जिंकून दिली! १९९१ मध्ये कोकेनपायी त्याच्यावर बंदी आली आणि तो गेला. शहराचं प्रेम मात्र आटलं नाही. २००० साली क्लबने ठरवलं, १० नंबर यापुढे कुणी घालायचा नाही.

पण पंचाईत पुढेच झाली. २००४ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. तिथला नियम असा, की सुरुवातीच्या अकरा जणांनी १ ते ११ हेच नंबर घालायचे. आता काय करता? नाइलाजाने १० नंबर बाहेर काढावा लागला! २००६ मध्ये संघ वर चढला, तेव्हा कुठे तो पुन्हा कपाटात गेला.

२५ नोव्हेंबर २०२० ला मॅराडोना वारला. पुढच्याच महिन्यात तिथल्या सान पाओलो स्टेडियमला त्याचं नाव दिलं. २०२५ मध्ये नापोलीने चौथी लीग याच मैदानावर पक्की केली. १० नंबर तेव्हाही कुणाच्या पाठीवर नव्हता.