पांढऱ्या उजेडाचा सोस

ट्यूबलाइटच्या नळीला निरोप देण्याची मुदत मुक्रर झाल्याची वार्ता एव्हाना वाचकांच्या नजरेखालून गेलेली आहेच. पाऱ्याच्या वापरास आळा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या पाचव्या परिषदेत, नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हा येथे, जे ठरले त्यानुसार हॅलोफॉस्फेटचा लेप असलेल्या जुन्या धर्तीच्या नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२६ अखेर, आणि त्रिरंगी फॉस्फरच्या सुधारित नळ्यांचे २०२७ अखेर बंद व्हावयाचे आहे. आणि भारताने २०१८ सालीच या करारास मान्यता दिलेली असल्यामुळे, सवलतीची मुदत मागण्याची जी तरतूद त्यात आहे तिचा आश्रय घेतला गेला तरीही, या दिव्याचे दिवस भरले यात शंका नाही.

अशा प्रसंगी साधा बल्ब, नळी आणि एलईडी यांचा तौलनिक तक्ता मांडून शेवटी एलईडीला कौल द्यावयाचा, हा परिपाठ आम्ही येथे पाळणार नाही. कारण विजेच्या जमाखर्चापुरता तो खटला केव्हाच निकाली निघालेला आहे. साठ वॅटचा तारेचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाकाठी सुमारे ११० युनिटे खातो आणि जवळपास तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी १६. युनिटचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी आठ रुपये धरला तर एका दिव्यामागे वर्षाला साडेसातशे रुपयांच्या आसपास फरक पडतो, आणि दिव्याची स्वतःची किंमत त्यापुढे नगण्य ठरते. छत्तीस वॅटच्या नळीचे पारडे एवढे हलके नाही. परंतु तिला जोडलेला तांब्याच्या वेटोळ्याचा जुना चोक स्वतःच दहा-बारा वॅट गिळतो, ही बाब नळीच्या कैवाऱ्यांच्या हिशेबात बहुधा येत नाही. खरी निवड आता एलईडीच्या पोटातच करावयाची आहे, आणि ती आपण डोळे झाकून करीत आलो आहोत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तत्पूर्वी देवघरातील झिरोच्या बल्बाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. जुन्या मीटरच्या चकतीला एवढा अल्प भार जाणवत नसे, म्हणून त्यास झिरो म्हणू लागले असे सांगतात. वस्तुतः तो पंधरा वॅटच्या घरातला दिवा असून, अहोरात्र तेवत ठेवल्यास वर्षाला सुमारे १३१ युनिटे, म्हणजे दिवाणखान्यातील साठ वॅटच्या बल्बाहूनही अधिक वीज घेतो. ज्या घरात सर्व दिवे बदलले गेले त्या घरातही हा एक भाविकतेच्या आडोशाने टिकून राहतो. अर्ध्या वॅटचा रंगीत एलईडी तेथे बसविल्यास देवाची काही तक्रार असण्याचे कारण दिसत नाही. तारेच्या बल्बाचा खराखुरा कैवार घ्यावयाचा तर तो कुक्कुटपालकांनी घ्यावा: पिलांच्या ब्रूडरमध्ये जी ऊब लागते ती या बल्बापासून आयती मिळते, आणि त्याच्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो हा एरवीचा दोष तेथे गुण ठरतो.

सीएफएलविषयी विस्तार नको. २००९ साली केंद्र सरकारच्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब परत देणाऱ्यास हा दिवा पंधरा रुपयांत मिळावा अशी तजवीज होती आणि उरलेली रक्कम कर्बपतांच्या, म्हणजे कार्बन क्रेडिटच्या, विक्रीतून भरून निघावयाची होती. त्या पतांचा बाजार कोसळला आणि योजनेचा कणाच मोडला. पुढे जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघर पोचविले, आणि ठोक खरेदीमुळे २०१४ साली ३१० रुपयांस घेतला जाणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. सरकारी योजनांविषयी आमचे मत सहसा इतके अनुकूल नसते. पण भाव पाडण्याच्या कामात या योजनेने जे साधले ते मान्य केले पाहिजे. मात्र कोट्यवधी घरांत जो उजेड गेला तो निळसर पांढरा गेला, आणि कोणता उजेड हवा असे विचारण्याचा प्रघात पडला नाही.

पांढऱ्या उजेडाचा हा सोस आला कोठून? आमच्या मते त्याचे मूळ विजेच्या दाबात आहे. तारेच्या बल्बास मिळणारा दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड तेवढ्याच प्रमाणात न उतरता जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो आणि त्याचबरोबर तांबूस होत जातो. त्यामुळे ज्या गावांत संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि सगळ्यांचे दिवे एकदम सुरू होत, तेथे पिवळा उजेड म्हणजे दुबळी वीज, गावकुसाबाहेरची वीज, असे समीकरण मनात रुजले. नळीचे तसे नव्हते: दाब फारच पडला तर ती नुसती फडफडत राही, परंतु एकदा पेटली की पांढरीच पेटे, आणि ज्याच्या ओसरीवर नळी त्याच्या घरी बरकत, हे सांगावे लागत नसे. धुतलेल्या धोतरास नीळ दिली म्हणजे ते अधिक शुभ्र भासते, तसाच उजेडातही निळ्याचा अंश वाढला की डोळा त्यास अधिक स्वच्छ व अधिक जोमदार समजतो. एलईडीच्या पोटात विद्युत्प्रवाह नियंत्रित करणारे मंडळ, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, बसविलेले असल्यामुळे दाबातील किरकोळ चढउतारांनी त्याचा उजेड कमी होत नाही की रंगही पालटत नाही. म्हणजे पिवळ्या उजेडावर आलेला दुबळेपणाचा आळ आता निराधार झाला, तथापि दुकानात मागणी कूल डेलाइटचीच राहिली.

आता या पांढऱ्याचे अंतरंग पाहू, आणि त्यासाठी जपानातील तोकुशिमा येथे जावे लागेल. कारण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील निचिया या रासायनिक कंपनीतील शुजी नाकामुरा नामक अभियंत्याने जो निळा दिवा पेटविला त्याच्यावाचून आपल्या घरातला पांढरा दिवा संभवतच नव्हता. तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच सिद्ध केला होता. निळ्यासाठी मात्र तीस वर्षे वाट पाहावी लागली, कारण त्यास लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढविणे आणि त्यात धन-प्रकारचा स्तर निर्माण करणे ही दोन्ही कामे जवळपास असाध्य समजली जात. नागोया विद्यापीठातील इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांनी नीलमण्याच्या पातळ चकतीवर १९८६ साली चांगले स्फटिक मिळविले आणि १९८९ साली धन-प्रकारचा स्तरही मिळविला. नाकामुरांनी, जगातील बहुतेक संशोधक झिंक सेलेनाइडच्या मागे धावत असता, याच उपेक्षित द्रव्याची निवड करून, स्फटिक वाढविण्याची भट्टी स्वतःच्या हातांनी बदलून घेऊन, १९९३ साली बाजारात आणता येईल असा प्रखर निळा दिवा जगापुढे ठेवला. कंपनीने या कामाबद्दल दिलेला मोबदला वीस हजार येनांचा होता, अशी त्यांची फिर्याद. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना दोन हजार कोटी येन द्यावेत असा निवाडा केला आणि पुढल्याच वर्षी सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

परंतु आमच्या विषयास अधिक लागू असलेली गोष्ट याच्या पलीकडची आहे. घरगुती पांढरा एलईडी म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा दिवा असून त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप चढविलेला असतो. काही निळा प्रकाश लेपातून निसटतो, काही पिवळ्यात रूपांतरित होतो, आणि दोहोंच्या मिश्रणास डोळा पांढरे म्हणतो. लेप पातळ ठेवला तर निळ्याचे आधिक्य राहते व वेष्टनावर रंगतापमान ६५०० केल्विन असे छापले जाते. लेप दाट करून त्यात तांबड्या फॉस्फरची भर घातली म्हणजे २७०० वा ३००० केल्विनचा, तारेच्या बल्बाच्या जातीचा, पिवळसर उजेड मिळतो. आता गंमत अशी की निळ्या दिव्याच्या याच जनकाने २००८ साली अमेरिकेत सहकाऱ्यांसह सोरा नावाची कंपनी स्थापन केली आणि तिचे दिवे निळ्याऐवजी जांभळ्या प्रकाशावर, तीन निरनिराळ्या फॉस्फरांच्या साहाय्याने, चालविले. कारण अशा दिव्याच्या वर्णपटाच्या आलेखातील निळ्याचा उंच सुळका आणि त्याच्या शेजारची दरी यांच्यामुळे रंगांचे यथार्थ दर्शन होत नाही, ही त्यांची भूमिका होती. ते दिवे महाग होते आणि आपल्या नाक्यावरील दुकानात मिळण्यासारखे नव्हते. पण ज्याने निळा उजेड दिला तोच त्यावर असमाधानी असावा, ही घटना ग्राहकाने मनावर घेण्याजोगी नक्कीच आहे.

रंगदर्शनाची प्रत सीआरआय या अंकाने सांगतात. तारेच्या बल्बास शंभर गुण, सर्वसाधारण एलईडीस ऐंशीच्या आसपास. हा अंक दिसतो तितका प्रामाणिक नव्हे, कारण तो फिक्या छटांच्या आठ नमुन्यांची सरासरी असून गडद तांबडा रंग, ज्यास आर-नऊ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही, आणि ऐंशी गुणांचा दिवा गडद तांबड्यात शून्याच्या जवळ असू शकतो. ज्या घरात कुंकू आहे, पैठणीचा काठ आहे, तेलावर तिखट टाकताना ते लाल आहे की करपले हे डोळ्यांनीच ठरवावयाचे आहे, त्या घराने हा दोष चालवून घ्यावा काय? ओट्यावर आणि आरशाजवळ नव्वद सीआरआयचा दिवा लावावा, मग तो वीस-पंचवीस रुपयांनी महाग का पडेना. उजेडाखाली तळहात धरून पाहावा. तो राखाडी दिसला तर दिवा परत करावा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला असता पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलक्या प्रतीचा आहे आणि उजेड क्षणाक्षणाला कापतो आहे, असे समजण्यास हरकत नाही.

रात्रीच्या निळ्या उजेडाने झोप उडते, या प्रवादात तथ्य आहे. डोळ्याच्या पडद्यातील मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशास विशेष संवेदनशील असून मेलाटोनिनचे स्रवण त्या रोखतात. पण या भीतीचा जो व्यापार चालतो त्यात उजेडाचा रंग तेवढा सांगतात आणि त्याचे प्रमाण सांगत नाहीत. निजण्याच्या खोलीत पिवळा दिवा असावा, आणि तो लहान असावा. पावसाळ्यात पिवळ्या उजेडावर पाखरेही कमी जमतात, हा वरचा नफा.

राहिला आयुष्याचा प्रश्न. १९२४ साली, जिनिव्हातच, जगातील मोठ्या बल्ब-कारखानदारांनी फीबस नावाचा संघ स्थापून तारेच्या बल्बाचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा करार केला आणि त्याहून अधिक टिकणारे बल्ब करणाऱ्यास दंड ठोठावला. आजचा कारखानदार उलट टोकाने वागतो: वेष्टनावर पंचवीस हजार तास छापतो, म्हणजे रोज पाच तासांप्रमाणे जवळपास चौदा वर्षे, आणि हमीपत्र देतो एका किंवा दोन वर्षांचे. यातली मेख अशी की तो आकडा एलईडीच्या स्फटिकाचा आहे, त्याचा उजेड तीस टक्क्यांनी मंदावेपर्यंतचा. ड्रायव्हरमधील कपॅसिटर त्याच्या कितीतरी आधी सुकतो, आणि त्याचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुर्मान निम्म्यावर येते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. तारेचा बल्ब आपली उष्णता किरणांवाटे बाहेर फेकतो, एलईडीस ती बुडाकडून बाहेर काढावी लागते. म्हणून बंद काचेच्या हंडीत किंवा फॉल्स सीलिंगच्या कोंदट पोकळीत बसविलेले दिवे लवकर मरतात, आणि दोष मात्र विजेला दिला जातो. मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहावा, वजन हातात तोलून पाहावे, आणि वॅटऐवजी ल्युमेन वाचावेत.

जुन्या पट्टीत एलईडीची नळी बसविणाऱ्यांनी वायरमनला चोक आणि स्टार्टर काढून टाकावयास सांगावे, आणि वीज दोन्ही टोकांस द्यावयाची की एकाच, हे वेष्टनावरील आकृती पाहूनच ठरवावे. पट्टीच जुनी, गंजलेली असेल तर सबंध बॅटन बदलणे अधिक शहाणपणाचे. काढलेला चोक तांब्याच्या लोभाने भंगारवाला हसत घेऊन जातो, नळीस मात्र तो हात लावीत नाही. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो आणि ई-कचऱ्याच्या नियमांत तिचा समावेश झालेला आहे. पण ती नेऊन द्यावयाची कोठे, हे बहुसंख्य सोसायट्यांना ठाऊक नाही आणि घंटागाडीवाल्यासही ठाऊक नसते. जिनिव्हाच्या ठरावाने नव्या नळ्यांचे उत्पादन थांबेल. माळ्यावर आणि जिन्याखाली उभ्या करून ठेवलेल्या जुन्या नळ्यांचा बंदोबस्त मात्र नगरपालिकांनाच करावा लागेल, आणि तो मुदत संपण्याची वाट न पाहता आताच सुरू व्हावयास हवा.