स्मृती विरते, सवय टिकते

अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस लवकर बाधित होतो, म्हणून सकाळची गोष्ट दुपारी आठवत नाही. मात्र सवयीची कामे सांभाळणारे बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू बराच काळ साथ देतात. त्यामुळे जबलपूरच्या मराठी घरातील आजींना हंगामात मटार सोलू द्या, फुलवाती वळू द्या. ‘काय नेसणार?’ असे विचारण्याऐवजी दोन साड्या पुढे धरा. निवड सोपी होते आणि निर्णय त्यांचाच राहतो. न्हाणीघराच्या दारावर ठळक चित्र लावा. नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्यांना ओळखीच्या वाटेने सोबत न्या. २०२३च्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, आहे. मार्गदर्शनासाठी एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा निःशुल्क क्रमांक आहे. काळजी जरूर घ्या, पण त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका.