लंडनमध्ये उतरावे कोठे?

दरवर्षी ज्येष्ठात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीतून पुण्याकडे जाते. आपल्यापैकी अनेकांनी गॅलरीत उभे राहून ती पाहिली असेल, वारकऱ्यांना चहा-पाणीही दिले असेल. त्या सोहळ्यातील एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. आळंदीहून निघालेली ही पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, कारण पुढच्या दिवशी दिवे घाट चढून सासवड गाठायचे असते. विसावा कोठे आणि मुक्काम कोठे, हे वारीत चालणाऱ्या पायांकडे पाहून ठरलेले आहे. परदेशी सहलीला निघताना आपण नेमके याच्या उलट करतो. आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, मग विमानाचे तिकीट काढतो आणि उरलेल्या पैशांत बसेल ती खोली घेतो.

आमच्या घरानेही तेच केले होते. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, वय बहात्तर, उजवा गुडघा अधू आणि बारा वर्षांचा मधुमेह. लंडनला जायचे ते त्यांच्याच एका इच्छेसाठी. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर त्यांना पाहायचे होते. विद्यार्थिदशेत, १९२१-२२ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ती वास्तू विकत घेऊन तिचे स्मारक केले. आम्ही घेतलेली जागा छायाचित्रांत सुरेख दिसत होती, दरही परवडणारा होता. ती तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे आम्हाला दाराशी पोहोचल्यावर कळले. नऊ दिवसांपैकी पाच दिवस वडील खोलीतच बसून होते. ‘तुम्ही जाऊन या, मी आहे इथे,’ एवढेच ते म्हणत. शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना आम्ही टॅक्सी त्या घरासमोर वळवली. सकाळची सात-साडेसातची वेळ होती आणि दार बंद होते. वडील पदपथावर दहा मिनिटे उभे राहिले, हात जोडले आणि गाडीत येऊन बसले. ती दहा मिनिटे आजही माझ्या मनाला लागून आहेत.

म्हणून वाचकहो, लंडन असो वा अन्य कोणतेही शहर, वस्ती निवडताना घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी. ‘स्थानकापासून दहा मिनिटे’ हे जाहिरातीतील वाक्य धडधाकट तरुणाच्या चालीचे असते. ते तपासण्याचा उपाय सोपा आहे. नकाशावर ते अंतर मीटरमध्ये मोजावे आणि तेवढेच अंतर आपल्या घरापासून विश्रांतवाडी चौकाच्या दिशेने आई-वडिलांबरोबर चालून पाहावे. हातात भाजीची पिशवी असू द्यावी आणि घड्याळ लावावे. दहाची बावीस मिनिटे झाली, तर ती जागा आपली नव्हे.

दुसरा प्रश्न स्थानकातील पायऱ्यांचा. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालापासून धावते आहे, आणि तिची कित्येक स्थानके फार जुनी आहेत. एकूण २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांशच अशी आहेत, की जेथे रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी चढावी लागत नाही. तेथील वाहतूक संस्था अशा स्थानकांचा स्वतंत्र नकाशा प्रसिद्ध करते. खोलीचे छायाचित्र पाहण्यापूर्वी तो नकाशा पाहावा. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनची सर्व स्थानके मात्र विनापायऱ्यांची आहेत. शहरातील तांबड्या बसगाड्याही खालच्या तळाच्या असून त्यांना उतरता फळा असतो. ज्येष्ठांसाठी भुयारी रेल्वेपेक्षा बस पुष्कळदा अधिक सुखाची ठरते, शिवाय खिडकीतून शहर दिसत राहते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, तेवढे लक्षात ठेवावे.

विमानतळ आपल्या उशाशी असला, तरी पुण्याहून लंडनला थेट विमान नाही. आधी मुंबईचा रस्ता किंवा अन्य शहरी विमानबदल, मग नऊ-दहा तासांचे उड्डाण, मग पारपत्र तपासणीची रांग. हीथ्रोवर उतरेपर्यंत घर सोडून अठरा-वीस तास उलटलेले असतात आणि पायांना सूज आलेली असते. त्यानंतर सामानासह दोन गाड्या बदलणे हा शरीरावर अन्याय होय. ज्या वस्तीला हीथ्रोहून एकाच गाडीने जाता येते, तिला माझ्या मते निम्मे गुण तेथेच द्यावेत.

आता वस्त्यांविषयी. ब्लूम्सबरी हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. ब्रिटिश म्युझियम चालण्याच्या अंतरावर आहे. जागोजागी झाडांनी वेढलेले चौक आहेत, त्यांपैकी टॅव्हिस्टॉक चौकात १९६८ सालापासून गांधीजींचा पुतळा आहे. यूस्टन स्थानकाजवळची ड्रमंड स्ट्रीट ही गल्ली भारतीय शाकाहारी खाणावळींसाठी अनेक दशके ओळखली जाते. आपत्कालीन विभाग असलेले युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलही जवळ आहे. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन थेट येते, पण रसेल स्क्वेअर स्थानक पूर्णपणे विनापायऱ्यांचे नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पुढच्याच किंग्ज क्रॉस स्थानकावर उतरावे. दर चढे असतात. तीन-चार दिवसांचीच सहल असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो.

पॅडिंग्टनला गाडी लवकर पोहोचते आणि हाइड पार्क जवळ आहे. तेथील सेंट मेरीज रुग्णालयातच १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. परंतु या भागातील कित्येक हॉटेले म्हणजे जुनी उंच, अरुंद घरे आहेत. जिने चिंचोळे, लिफ्ट नाही किंवा असली तरी एका बॅगेपुरती, आणि स्वस्त खोली बहुधा तळघरात. आरक्षणापूर्वी मजला लिहून मागावा.

शाकाहाराची चिंता असणारी कुटुंबे वेंब्लीकडे वळतात, ते योग्यच आहे. ईलिंग रोडवर गुजराती दुकाने आहेत. कोथिंबीर, डाळी, पीठ, फरसाण सारे मिळते. स्टेडियमभोवतीच्या नव्या उंच इमारतींत लिफ्ट आणि स्वयंपाकघर असलेल्या जागा भाड्याने मिळतात. स्टेडियम मात्र ९०,००० प्रेक्षकांचे आहे. सामना किंवा मोठा गाण्याचा कार्यक्रम असेल, त्या संध्याकाळी स्थानकाबाहेर पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून तारखा आधीच पाहून घ्याव्यात. फार दूर नसलेल्या डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास जाणाऱ्यांना तेथे मराठी कानावर पडेल.

मुले आणि आजी-आजोबा असे दोन्ही बरोबर असतील, तर माझा कौल ईलिंग ब्रॉडवेला. (नाव सारखे असले, तरी वेंब्लीचा ईलिंग रोड आणि हे उपनगर वेगळे, टॅक्सीवाल्याला सांगताना घोळ करू नये.) हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने वीसेक मिनिटांत तेथे पोहोचता येते, आणि त्याच गाडीने मध्य लंडन पाव तासावर. स्थानकासमोरच हेवन ग्रीन नावाची हिरवळ आहे, औषधांची दुकाने व बाजार शेजारी. अलीकडची साउथॉल ही पंजाबी वस्ती याच मार्गावर असल्याने भारतीय वाणसामानही दूर नाही. केंद्रस्थानी राहण्याचा मोह सोडावा लागतो, एवढाच तोटा.

हिरवळीचे महत्त्व तेथे गेल्यावर कळते. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. पहिले दोन-चार दिवस तेथे पहाटे तीन वाजता जाग येते, कारण शरीराच्या लेखी साडेसात झालेले असतात. जूनमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि मावळतो नऊ वाजून गेल्यावर. दाराशी बाग असेल, तर ज्येष्ठांना सकाळी फिरून येता येते आणि तो प्रकाश शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळवण्यास मदत करतो. बाग नसेल, तर खोलीत दिवा लावून मुलांची झोपमोड तेवढी होते. संध्याकाळी आठ वाजता शरीराची रात्र साडेबाराची असते. पहिल्या तीन दिवसांत रात्रीच्या नाटकाची तिकिटे काढू नयेत. खोलीला जाड पडदे आहेत ना, हेही विचारावे.

न्हाणीघराविषयी कोणीच विचारत नाही, आणि पडझड तेथेच होते. तेथे पुष्कळ घरांत टबमध्ये उभे राहूनच स्नान करावे लागते. टबचा काठ गुडघ्याएवढा उंच, आत गुळगुळीत, धरायला काही नाही. सत्तरीच्या माणसाने ओल्या पायाने तो ओलांडणे धोक्याचे आहे. सपाट तळाचे न्हाणीघर हवे, अशी अट स्पष्ट लिहून कळवावी.

औषधे मूळ वेष्टनात आणि हातातल्या पिशवीत असावीत. चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नाव असावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदललेल्या वेळांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तेथे तातडीचा क्रमांक ९९९, आणि कोठे जावे हे सुचत नसेल तर सल्ल्यासाठी १११. आपत्कालीन विभागातील प्राथमिक उपचारांचे पैसे पाहुण्यांकडून घेत नाहीत, पण रुग्णालयात दाखल केल्यास बिल येते आणि ते मोठे असते. त्यामुळे जुने आजार लपवून घेतलेला स्वस्त प्रवासविमा कामाचा नाही. निवडलेल्या जागेपासून आपत्कालीन विभाग असलेले रुग्णालय कोणते, हे कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. आपल्या घराजवळचे रुग्णालय आपल्याला झोपेतही ठाऊक असते, परक्या गावी तसे नसते.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघतो आहोत. ईलिंगला तळमजल्यावरची जागा घेतली आहे, स्थानकापासून ३५० मीटर. घरमालकाने न्हाणीघराचे छायाचित्र मागितल्यावर दोन दिवसांनी पाठवले. दर पहिल्या वेळेपेक्षा बराच अधिक आहे, म्हणून नवाचे सहा दिवस केले आणि पॅरिस वगळले. किंग हेन्रीज रोडसाठी दुसरा दिवस राखून ठेवला आहे, सकाळी न्याहारीनंतरचा, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठरवलेले नाही. वडील सध्या रोज संध्याकाळी साडेतीनशे मीटर चालतात, मध्ये एकदा थांबतात आणि परत येतात. काल त्यांना नऊ मिनिटे लागली.