नापा खोऱ्यातील घर आणि भोवतालची द्राक्षभूमी

द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात एखादे घर विकत घ्यावे, सकाळी खिडकी उघडताच वेलींच्या ओळी दृष्टीस पडाव्यात आणि सायंकाळ तेथील वाईनच्या आस्वादात घालवावी, ही आकांक्षा पाश्चात्त्य सुखवस्तू वर्गात इतकी रूढ झाली आहे की तिचा विचार सामान्यतः जाहिरातींच्या पानांवर सोडून दिला जातो. भूगोलाच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र या आकांक्षेला एक साधा प्रश्न विचारावयास हवा. असे घर घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो? भिंती आणि छप्पर अन्यत्रही मिळते. त्याने मोजलेल्या किमतीचा बराच मोठा भाग घराबाहेरील मोकळ्या जमिनीबद्दल असतो, आणि ती जमीन तर त्याच्या मालकीची नसते. ती मोकळी राहिली आहे याचे मुख्य कारण तिच्यावर घरे बांधण्यास कायद्याने प्रतिबंध आहे. कॅलिफोर्निया राज्यातील नापा खोरे हे या व्यवहाराचे अतिशय स्पष्ट उदाहरण असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

नापा खोरे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तरेस आहे. त्याची लांबी सुमारे ३० मैल असून रुंदी जेमतेम एक ते पाच मैल भरते. पश्चिमेस मायाकामास आणि पूर्वेस व्हाका या डोंगररांगा आहेत. दक्षिणेकडून उपसागरावरील थंड हवा आत शिरते. त्यामुळे खोऱ्याचे दक्षिण टोक गार, तर उत्तरेकडील कॅलिस्टोगा दिवसा चांगलेच तापलेले असते. इतक्या चिंचोळ्या भूमीत मोकळी जागा किती थोडी असणार, हे नकाशावर नजर टाकताच समजते. २०२० च्या शिरगणतीनुसार नापा कौंटीची लोकसंख्या १,३८,०१९ होती, आणि तिच्यापैकी दर सहा माणसांतील पाच माणसे नापा, अमेरिकन कॅन्यन, सेंट हेलेना, कॅलिस्टोगा व याउंटव्हिल या पाच नगरांच्या हद्दीत राहत होती. शेतजमिनीत राहणारा मनुष्य येथे अपवादच म्हटला पाहिजे.

या खोऱ्यात सुखाने राहून त्याचे वर्णन करणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध माणसाने घर विकत घेतले नव्हते, ही मौजेची गोष्ट आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक १८८० च्या उन्हाळ्यात नवपरिणीत पत्नीसह सेंट हेलेना पर्वतावरील एका बंद पडलेल्या खाणीच्या मोडक्या कामगारनिवासात विनाभाडे राहिला. त्या मुक्कामात त्याने जेकब श्राम या जर्मन वसाहतकाराच्या द्राक्षमळ्यास भेट दिली आणि तिचे वर्णन १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केले. श्रामचा मळा पुढे आपल्या विवेचनात पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीने वेलींचा संहार केला, आणि १९२० ते १९३३ या काळातील राष्ट्रव्यापी मद्यबंदीने उरलेला धंदा जवळजवळ संपविला. विसाव्या शतकाच्या मध्यावर या खोऱ्यात द्राक्षांच्या जोडीने आलुबुखार व अक्रोड यांच्या बागा आणि गुरांची कुरणे पसरलेली होती. जमीन अजून स्वस्त होती. मात्र उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडील सांता क्लारा खोऱ्यात, काय घडत होते ते नापाच्या शेतकऱ्यांना दिसत होते. तेथेही आलुबुखाराच्या बागाच होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत त्या बागांवर घरे, रस्ते आणि कारखाने उभे राहिले. आज ज्या सनीव्हेल व सॅन होजे परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, तो हाच प्रदेश होय. तेथून काही तासांच्या मोटारप्रवासावर असलेल्या नापात वेली पाहून ज्यांना आश्चर्य वाटते, त्यांचे स्वतःचे घर बहुधा एखाद्या तोडलेल्या बागेवर उभे असते.

१९६५ साली जॅक डेव्हिस आणि त्यांची पत्नी जेमी यांनी श्रामचा पडीक झालेला मळा विकत घेतला. डेव्हिस हे उद्योगव्यवसायातून आलेले. शेती हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा नव्हे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर द्राक्षप्रदेशात घर घेऊन नवे आयुष्य सुरू करणाऱ्यांपैकीच ते एक होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विल्यमसन कायदा संमत केला. जमीन किमान दहा वर्षे शेतीखालीच ठेवण्याचा करार करणाऱ्या मालकास बाजारभावाऐवजी शेतीच्या उत्पन्नमूल्यावर कर आकारावा, अशी त्यात तरतूद होती. तथापि करार हा ऐच्छिक असतो, आणि शेजाऱ्याने तो केला नाही तर एकट्याच्या संयमाचा काही उपयोग होत नाही. म्हणून ९ एप्रिल १९६८ रोजी नापा कौंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने खोऱ्याच्या तळभागातील सुमारे २३,००० एकर जमीन कृषिरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केली. नव्या भूखंडाचे किमान क्षेत्रफळ २० एकर ठरविण्यात आले. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र होय. या ठरावासाठी झटणाऱ्यांत डेव्हिस अग्रभागी होते. अनेक जुन्या जमीनदारांचा मात्र त्यास तीव्र विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की, म्हातारपणी जमिनीचे तुकडे विकून जगण्याचा आमचा हक्क आपण हिरावून घेत आहात. हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हता. नवागताला जमिनीचे सौंदर्य टिकवावयाचे होते, तर जुन्या रहिवाशाला तिची किंमत मिळवावयाची होती.

पुढील घटनाक्रमाने या वादाला विचित्र वळण दिले. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर यांनी आयोजित केलेल्या परीक्षणात फ्रेंच परीक्षकांनी वाईनचे नाव न पाहता गुण दिले, आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत नापाची १९७३ सालची वाईन पहिली आली. त्यानंतर द्राक्षलागवडीची जमीन घरबांधणीच्या जमिनीइतकी किंवा तीहून अधिक मोलाची ठरू लागली. विरोधकांना वाटलेले नुकसान प्रत्यक्षात झाले नाही. परंतु ते १९६८ साली कोणालाही ठाऊक नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९७९ मध्ये किमान भूखंड ४० एकरांचा करण्यात आला. डोंगराळ पाणलोट क्षेत्रात तो पुढे १६० एकरांवर गेला. १९९० साली दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. कृषिक्षेत्रातील नव्या वाईनरीने किमान ७५ टक्के द्राक्षे नापा कौंटीतीलच वापरावीत, असा नियम झाला. आणि मतदारांनी असा प्रस्ताव संमत केला की, शेतजमिनीचा नियोजित उपयोग बदलावयाचा झाल्यास केवळ पर्यवेक्षक मंडळाचा ठराव पुरेसा नाही, त्यास मतदारांची संमती हवी. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हा निर्बंध वैध ठरविला, आणि २००८ साली मतदारांनी त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढविली.

आता घर घेणाऱ्याकडे वळू. त्याच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. नगराच्या हद्दीतील घरास नळाचे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था आयती मिळते, पण वेली दूर राहतात. हद्दीबाहेरील घर बहुधा निर्बंधापूर्वी पाडलेल्या एखाद्या लहान भूखंडावर असते. तसे भूखंड आता नव्याने पाडता येत नसल्यामुळे त्यांची संख्या वाढत नाही. तेथे पाणी स्वतःच्या विहिरीचे आणि सांडपाण्यासाठी स्वतःची सेप्टिक टाकी. विहिरीला बाराही महिने किती पाणी असते, हा प्रश्न स्वयंपाकघराच्या रचनेपेक्षा महत्त्वाचा ठरतो. कौंटीच्या हद्दीत घर तीस दिवसांहून कमी मुदतीने भाड्याने देण्यास मनाई असल्यामुळे, आठवडाअखेरीच्या पाहुण्यांकडून कर्जाचा हप्ता काढण्याचा बेतही तेथे चालत नाही. आणि परसात वाईन गाळून येणाऱ्याजाणाऱ्यास विकावी, ही हौस परवान्याच्या पहिल्याच पायरीवर अडते. नव्या वाईनरीस किमान दहा एकर जमीन लागते.

या शिवाय खरेदीच्या वेळी विक्रेत्याने एक लेखी सूचना द्यावयाची असते. शेतीच्या रास्त कामातून होणारा आवाज, धूळ, वास व फवारणी ही उपद्रव म्हणून गणली जाणार नाहीत, असे तीत स्पष्ट केलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या प्रदेशातील जीवनाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन याच कागदात आहे. वसंतात वेलींना कोवळे फुटवे आलेले असताना रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतो. तेव्हा उंच खांबांवरील पंखे पहाटेपूर्वी सुरू करून वरची उबदार हवा खाली ढवळली जाते, आणि विमान घिरट्या घालीत असल्यासारखा घरघराट खोरेभर चालतो. पुढे भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काढणीचा काळ. थंड घड टणक राहतात व वाटेत आंबत नाहीत, म्हणून खुडणी रात्री दिव्यांच्या प्रकाशात होते, आणि ट्रॅक्टर शयनगृहाच्या खिडकीखालून जातात. मग काही आठवडे आंबणाऱ्या रसाचा वास हवेत भरून राहतो. ज्याला हे सर्व आवडते, त्याला ते खोरे खरोखर सुखाचे आहे. ज्याला केवळ चित्र हवे होते, त्याची मात्र निराशा होते.

करांच्या बाबतीत जुना आणि नवा रहिवासी यांत मोठे अंतर आहे. १९७८ च्या राज्यघटना-दुरुस्तीने स्थावर मालमत्तेवरील मूळ कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणला, आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करयोग्य मूल्यात वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास प्रतिबंध केला. परिणामी चाळीस वर्षे राहणारा गृहस्थ आणि काल आलेला त्याचा शेजारी सारख्याच घरावर कितीतरी भिन्न कर भरतात.

परंतु अलीकडच्या काळात खरा निर्णायक प्रश्न कराचा राहिला नसून आगीचा झाला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्वेकडील टेकड्या पेटल्या, आणि कॅलिस्टोगाजवळ सुरू झालेली दुसरी आग पश्चिमेस सांता रोझा शहरात शिरली. सप्टेंबर २०२० मध्ये सेंट हेलेना व कॅलिस्टोगा यांच्या परिसरात पुन्हा घरे आणि वाईनरी जळाल्या. दृश्याच्या दृष्टीने उत्तम असलेली जागा, म्हणजे झाडीतील उतारावरची, हीच आगीच्या दृष्टीने सर्वांत वाईट असते. उलट पाणी दिलेला द्राक्षमळा सहसा चटकन पेटत नाही. धोक्याच्या क्षेत्रात घराभोवती १०० फुटांपर्यंतची सुकी झाडी हटविणे कायद्याने बंधनकारक आहे. खाजगी कंपन्या विमा नाकारतात तेव्हा मालकाला राज्यातील अखेरच्या आधाराच्या विमायोजनेकडे जावे लागते. योगायोगाने ती योजनाही १९६८ सालचीच आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे नाशिकचे स्मरण होणे साहजिक आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ च्या सुमारास सुरू झालेल्या वाईन-द्राक्षलागवडीमागे कॅलिफोर्नियात शिकलेल्या उद्योजकाचा पुढाकार आणि तेथील मद्यतज्ज्ञाचे साहाय्य होते. म्हणजे दोन्ही प्रदेशांचा संबंध केवळ साम्याचा नाही. जमिनीच्या कायद्यात मात्र उद्देशभेद आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा किफायतशीर शेतीसाठी किमान क्षेत्र ठरवू पाहतो, आणि त्या अंगाने तो नापाच्या ४० एकरांच्या नियमाचा नातेवाईक म्हणता येईल. परंतु १९४८ च्या कुळकायद्याचे ६३ वे कलम प्रथम खरेदीदार शेतकरी आहे काय असे विचारते. नापाचा कायदा खरेदीदाराची जात-पात, धंदा, वंश यांपैकी काहीच विचारीत नाही. जमिनीवर काय केले जाणार एवढेच तो पाहतो. किंमत हीच तेथील चाळणी आहे.

आणि या चाळणीतून कोण खाली पडतो ते शिरगणतीत थोडेफार दिसते. २०१० ते २०२० या दशकात साऱ्या कौंटीत सुमारे दीड हजार माणसेच वाढली. खोऱ्याच्या मध्यभागी असलेल्या सेंट हेलेनाची लोकसंख्या तर ५,८१४ वरून ५,४३० वर उतरली. वर्षातून काही आठवडेच उघडणारी घरे हे त्याचे एक कारण मानावयास हरकत नाही. वाढलेल्या वस्तीचा मोठा वाटा अगदी दक्षिणेकडील अमेरिकन कॅन्यनने उचलला. हॉटेलांत, शाळांत व मळ्यांत काम करणारे पुष्कळ लोक त्या बाजूने, किंबहुना शेजारच्या सोलानो कौंटीतील व्हॅलेहो व फेअरफील्ड येथून, रोज खोऱ्यात येतात. हंगामी मजुरांसाठी द्राक्षमळ्यांच्या मालकांनी लागवडीच्या दर एकरामागे स्वतःवर पट्टी बसवून घेतली, आणि तिच्या साहाय्याने प्रत्येकी ६० खाटांची तीन निवासकेंद्रे चालविली जातात. २००२ साली मतदारांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: मजुरांच्या निवासासाठी ४० एकरांहून लहान भूखंड वेगळा काढता येईल.