गोठलेल्या तळ्यावर किती वेग, किती आवाज?

गुलमर्ग किंवा सोलंगला सहलीला गेलेल्या मराठी माणसाने बर्फावरची स्कूटर पाहिलेली असते. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा, आणि पैसे मोजून मिळणारी छोटीशी फेरी. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत हेच यंत्र, म्हणजे स्नोमोबाइल, हिवाळ्याच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलिअसन यांनी अशा यंत्राचे पेटंट 1927 साली घेतले. त्याच भागातल्या ईगल रिव्हर येथे 1964 साली गोठलेल्या तळ्यावर सुरू झालेली शर्यत आजही भरते. या राज्यांत हजारो तळी आहेत आणि त्यांतली बरीचशी हिवाळ्याचे काही महिने गोठलेली असतात. त्या काळात तळे हेच मैदान, रस्ता आणि मासेमारीचा अड्डा बनते. एक जण बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला असतो, दुसरा स्कीवर फिरत असतो, काठावरच्या घरात तिसरा झोपायचा प्रयत्न करत असतो आणि चौथा ताशी शंभर किलोमीटरने त्या तिघांच्या मधून जात असतो. गावाच्या बैठकीत वेगमर्यादेचा किंवा आवाजाचा विषय निघाला की सभागृह दोन तटांत विभागले जाते. दोन्ही तटांच्या बोलण्यात काही समजुती ठामपणे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत.

पहिली समजूत मालकीची. चालकांना वाटते, तळे कोणाचेच नाही, तेव्हा तिथे नियम कसला? काठावरच्या घरमालकांना वाटते, किनारा आमचा, म्हणजे समोरचे तळेही थोडेफार आमचेच. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये सार्वजनिक तळ्याचे पाणी जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असते, आणि पाणी गोठल्याने हे नाते बदलत नाही. त्यामुळे काठावरच्या घराला समोरच्या पाण्याची मालकी मिळत नाही आणि बर्फावर कायदा संपतही नाही. मिनेसोटात सार्वजनिक जमीन आणि पाण्यावर स्नोमोबाइलला ताशी 50 मैल, म्हणजे सुमारे 80 किलोमीटरची राज्यव्यापी मर्यादा आहे. विस्कॉन्सिनमध्ये ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा फक्त अंधाराच्या वेळेपुरती आहे. तिकडे फिनलंडमध्ये जमिनीवर ताशी 60 आणि गोठलेल्या पाण्यावर 80 किलोमीटरची परवानगी आहे, तर स्वीडनमध्ये 70 ची. वाहन तेच, बर्फही तसाच, आणि आकडे मात्र देशागणिक वेगळे. यातला एक आकडा शास्त्रशुद्ध आणि बाकीचे मनमानी असे म्हणायला काही आधार नाही. प्रत्येक आकडा हा तिथल्या लोकांनी आपसांत केलेला सौदा आहे.

दुसरी समजूत जास्त धोक्याची आहे: तळे सपाट आणि मोकळे, वाटेत झाड नाही की वळण नाही, मग वेगाने बिघडते काय? फिनलंडने बर्फावर जमिनीपेक्षा जास्त वेग दिला, याचे समर्थन असेच करता येईल, आणि दिवसाउजेडी त्यात तथ्यही आहे. पण गोठलेले तळे सपाट असतेच असे नाही. बर्फाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन उंचवटे उठतात, भेगा पडतात, वरच्या हिमाखाली पाणीमिश्रित हिमाचा लगदा साचतो. खरी अडचण मात्र थांबण्याची आहे. खिळे नसलेला रबरी पट्टा कडक बर्फावर किती पकड घेईल, हे त्या दिवशीच्या बर्फावर ठरते. वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो आणि चालकाला धोका दिसून ब्रेक दाबायला दीड सेकंद लागतो, असे धरून हिशेब मांडू. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र थांबायला सुमारे 155 मीटर लागतात आणि ताशी 110 ला सुमारे 280 मीटर. आता हेडलाइटचा उपयोगी झोत 60 मीटर धरला, तर त्या उजेडात जे दिसेल त्याच्या आत थांबता येण्यासाठी वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास हवा. दिवा चांगला असून झोत 100 मीटरपर्यंत पोचत असेल, तरी हा वेग ताशी साठच्या थोडा वर जातो, एवढेच. म्हणजे विस्कॉन्सिनची रात्रीची मर्यादा, जिच्यावर अनेक चालक जाचक म्हणून चिडतात, ती या हिशेबाने बरीच सैल ठरते.

यावर अनुभवी चालकाचे उत्तर ठरलेले असते: आकडा कशाला, परिस्थिती पाहून चालवा एवढा नियम पुरे. असा सर्वसाधारण नियम या राज्यांच्या कायद्यांत आहेही. पण तो बहुधा अपघात झाल्यावर कामी येतो, कारण त्याआधी प्रत्येकाला आपला वेग परिस्थितीला साजेसाच वाटतो. शिवाय तळ्यावर रात्री काय उभे आहे हे चालकाला माहीत नसते. मासेमारीची जी खोपटी रात्रभर बर्फावर राहतात, त्यांना चारही बाजूंनी प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावणे मिनेसोटात बंधनकारक आहे. उलट्या बादलीवर गळ धरून बसलेल्या माणसाला अशी पट्टी कोणी लावत नाही. ‘वेगात गेले तर पातळ बर्फ मोडायच्या आत पार होता येते’ असेही सांगितले जाते. पण मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग स्नोमोबाइलसाठी 5 ते 7 इंच जाड, स्वच्छ बर्फाची शिफारस करतो, आणि वेगाने गेल्यास त्या जाडीत सूट मिळेल असे म्हणत नाही. वेगामुळे फार तर इतके होते की पुढचे उघडे पाणी दिसेपर्यंत यंत्र त्याच्या काठाशी पोचलेले असते.

आता आवाज. इथे गैरसमज दोन्हीकडचे आहेत, आणि मजा अशी की दोन्हींमागे थोडे थोडे खरे आहे. काठावरचे लोक म्हणतात, ही यंत्रे दिवसेंदिवस जास्त कर्कश होत चालली आहेत. कारखान्यातून निघणाऱ्या यंत्रांबद्दल हे चूक आहे. साठच्या दशकातली काही यंत्रे पन्नास फुटांवरून शंभर डेसिबलच्या घरात आवाज करत. उद्योगाच्या प्रमाणीकरण व्यवस्थेनुसार फेब्रुवारी 1975 नंतर बनलेल्या यंत्राचा आवाज पूर्ण थ्रॉटलवर, पन्नास फुटांवर, 78 डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. जून 1976 नंतरच्या यंत्रांना ताशी 15 मैल वेगाला 73 डेसिबलची अटही लागू झाली. मग चालक विजयी मुद्रेने विचारतात, तक्रार कशाची? तक्रार मुख्यतः कारखान्याबाहेर बदललेल्या एक्झॉस्टची आहे. हलका, जरा जास्त ताकद देणारा आणि बराच जास्त ओरडणारा पाइप बाजारात मिळतो, आणि तो बसवला की मूळच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलून गल्लीतून फिरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तळ्यावर अशी चार यंत्रे असली की उरलेल्या चाळीस शांत यंत्रांचे नाव खराब होते. म्हणून बेकायदा पाइपांविरुद्धची मोहीम खरे तर नियम पाळणाऱ्या चालकांच्याच फायद्याची आहे.

पण मूळ सायलेन्सर असलेल्या यंत्राचा आवाजही काठापर्यंत पोचतो, आणि इथे तिसरी समजूत आडवी येते: हिम आवाज शोषून घेते. ताजे, भुसभुशीत हिम आवाज शोषते, हे खरेच आहे, विशेषतः वरच्या पट्टीचा. म्हणूनच हिमवर्षावानंतर रान निःशब्द वाटते. मात्र वाऱ्याने हिम उडून गेल्यावर उरलेला उघडा, कडक बर्फ आवाज परतवतो, आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्टमधला खालच्या पट्टीचा घुमणारा भाग मऊ हिमालाही फारसा जुमानत नाही. त्यात भर पडते हवेची. निरभ्र, वारा नसलेल्या थंडीच्या रात्री बर्फालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि एरवी पोचला नसता इतक्या लांब पोचतो. ही स्थिती नसती तरी हिशेब काय सांगतो? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पंधरा मीटरवर 78 असलेला आवाज तीस मीटरवर 72, साठवर 66, एकशेवीसवर 60, आणि अर्ध्या किलोमीटरजवळ 48 च्या आसपास. शांत रात्रीच्या पार्श्वभूमीवर 48 डेसिबल झोपमोड करायला पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत घराबाहेरचा रात्रीचा आवाज सरासरी 40 डेसिबलपर्यंत असावा असे म्हटले आहे. तो आकडा वर्षभरातल्या रात्रींच्या सरासरीचा आणि हा जाणाऱ्या एका यंत्राचा, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणे रास्त नाही. पण हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू आहे. सरासरी नियमात बसते एवढ्यावर मध्यरात्रीच्या गुरगुरण्याची तक्रार निकालात निघत नाही.

मग डेसिबलची मर्यादा आणखी खाली आणली की प्रश्न सुटेल? काठावरच्या लोकांचा हा लाडका उपाय, आणि माझ्या मते सर्वांत कमकुवत. कारण मोजायचे कसे? पूर्ण थ्रॉटलवर यंत्र पन्नास फुटांवरून नेण्याची चाचणी ठरावीक मैदानावर, ठरावीक हवामानात करायची असते. अंधारात पळून जाणाऱ्या यंत्राची ती गस्तीवरच्या वॉर्डनला घेता येत नाही. म्हणून उभ्या यंत्राची चाचणी निघाली. मिशिगनच्या कायद्यात सुमारे 4 मीटरवर 88 डेसिबल हा पर्याय त्यासाठीच ठेवला आहे. ती वाटेवर थांबवून घेता येते आणि बदललेला पाइप त्यात पकडला जातो. पण काठावरच्या खिडकीत रात्री दीड वाजता किती ऐकू येईल, याचे उत्तर ती देत नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कडक मर्यादा चालल्या हे खरे. तिथे 2015 च्या हिवाळ्यापासून ताशी 35 मैल वेगाला 67 डेसिबलची अट आहे. पण तिथे प्रवेशद्वारे आहेत, यंत्रांची संख्या आणि गट ठरलेले आहेत, आणि सगळे ठरलेल्या रस्त्यावरूनच जातात. शेकडो घरांच्या मागच्या अंगणातून थेट उतरता येणाऱ्या तळ्याला यलोस्टोनचा नियम कसा लावणार?

या सगळ्या आकड्यांतून एक गोष्ट सारखी पुढे येते. वेगाचा धोका आणि आवाजाचा त्रास, दोन्ही अंतरावर आणि वेळेवर ठरतात. दुपारी तळ्याच्या मध्यावर ताशी 90 ने जाणारे यंत्र फारसे कोणाचे काही बिघडवत नाही. तेच यंत्र रात्री खोपट्यापासून वीस मीटरवरून ताशी 60 ने गेले, तर कमाल वेगमर्यादेच्या आत असूनही ते जिवावर बेतू शकते. आवाजातही, अंतर पंधरा मीटरवरून साठवर नेले की 12 डेसिबल कमी होतात. यंत्रात तेवढी सुधारणा घडवायला उद्योगाला वर्षे लागतील. कायद्यांत ही जाण आहे, फक्त बैठकीतल्या भांडणात तिचा पत्ता नसतो. मिशिगनमध्ये गोठलेल्या तळ्यावर वाहनात नसलेल्या माणसापासून किंवा मासेमारीच्या खोपट्यापासून शंभर फुटांच्या आत यंत्र फक्त पुढे सरकण्यापुरत्या वेगानेच चालवता येते. विस्कॉन्सिनमध्ये तेवढ्याच अंतरात मर्यादा ताशी 10 मैल आहे. शिवाय रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत घरापासून दीडशे फुटांच्या आतही तीच मर्यादा लागते. गावांनी राज्याकडे नवा कमाल वेग मागण्यापेक्षा हीच अंतरे वाढवावीत, किनाऱ्यालगत संथ पट्टा आखावा, आणि किनाऱ्यावरून तळ्याच्या मध्याकडे जाणारे ठरावीक मार्ग खुंट्या रोवून दाखवावेत. अंतर डोळ्यांनी दिसते. खुंटीच्या कोणत्या बाजूने यंत्र गेले हे सांगायला ना रडार लागते ना ध्वनिमापक.

याला दोन आक्षेप येतील. चालकांचा आणि हॉटेलवाल्यांचा आक्षेप असा की नियम वाढले की पर्यटक पलीकडच्या काउंटीत जातील. हिवाळ्यात या गावांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात स्नोमोबाइलवर चालते, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण किनाऱ्यालगतचा संथ पट्टा दिवसभराच्या फेरीतली काही मिनिटेच घेतो. उलट आवाजाचा वाद चिघळला तर काय होते, हे क्युबेकमध्ये दिसले. मॉन्ट-ट्रेम्ब्लां भागातल्या एका मार्गालगतच्या रहिवाशांनी सामूहिक दावा लावला आणि 2004 साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मंजूर केली. त्यानंतर असे दावे रोखण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला. दुसरा आक्षेप काठावरच्यांचा: अर्धे उपाय नकोत, बंदीच घाला. बंदी काही ठिकाणी योग्यच आहे. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या बाउंडरी वॉटर्स या अरण्यात 1978 च्या कायद्याने बहुतेक स्नोमोबाइल बंद झाल्या, आणि ते अरण्य त्या शांततेसाठीच राखलेले आहे. पण ज्या तळ्याच्या काठी घरे, हॉटेले आणि मोटरबोटींचे धक्के आहेत, त्याला हिवाळ्यापुरते अरण्य मानणे पटण्यासारखे नाही. जुलैत आपली बोट त्याच पाण्यावर फिरवणाऱ्याच्या तोंडी तर नाहीच नाही.

आता विजेवर चालणाऱ्या स्नोमोबाइल बाजारात आल्या आहेत आणि त्यांनी हा वाद आपोआप मिटेल असे म्हणणारे बरेच आहेत. एक्झॉस्टचा घुमणारा आवाज त्यांनी नक्कीच जाईल. पट्ट्याची खरखर आणि बर्फावर घासणाऱ्या स्कीचा आवाज उरेल, पण तो फार लांब जात नाही. थांबायला लागणारे अंतर मात्र मोटर कोणती आहे यावर ठरत नाही, पकड आणि वेग यांवरच ठरते. शिवाय खोपट्याबाहेर पाठमोऱ्या बसलेल्या मासेमाराला आज लांबून येणारे यंत्र निदान ऐकू तरी येते. विजेवरचे यंत्र त्याला अगदी जवळ येईपर्यंत कळणार नाही. त्या दिवशी शंभर फुटांचा नियम आजच्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळावा लागेल.