स्प्रिंग मागे पडते तेव्हा

सर्वसाधारण चार-स्ट्रोक इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या रेट्याने, पण मिटतो केवळ स्प्रिंगच्या जोरावर. जास्त आरपीएमवर घोळ होतो तो या मिटण्यात. चाकणच्या बजाज कारखान्यातून 2013 मध्ये आलेल्या केटीएम 390 ड्यूकचे 373 सीसी इंजिन मिनिटाला 9,000 फेरे घेते, तेव्हा त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 75 वेळा उघडझाप करतो. एकदा उघडून मिटायला वेळ मिळतो सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग. फेरे दुप्पट झाले की व्हॉल्व्ह माघारी आणायला चौपट जोर लागतो. तो कमी पडला की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो, उशिरा येऊन सीटवर आपटतो, उसळतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन अगदी जवळ आलेला असतो. त्यात व्हॉल्व्हला उशीर झाला तर व्हॉल्व्हची दांडी वाकते, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोर उमटते आणि हेड उतरवावे लागते.

कडक स्प्रिंग हा पहिला सुचणारा उपाय, आणि अर्धवट. तिने कॅमवरचा दाब आणि झीज वाढते. वजन उतरवणे अधिक फायद्याचे. म्हणून 390 मध्ये जड रॉकरऐवजी कार्बनचा कठीण लेप दिलेले हलके फिंगर फॉलोअर आहेत. डुकाटीत फाबियो ताल्योनी यांनी 1956 मध्ये व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच लावला. रेनोने 1986 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा आणली. दोन्ही महागडे.

मालकाच्या हातात राहते ते टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधली फट, आणि ऑइल. टॅपेट थंड इंजिनावरच तपासतात: फीलर गेजची पाती किंचित अडखळत सरकली की गॅप बरोबर. सैल टॅपेट टिकटिक करून तक्रार तरी करतो. घट्ट टॅपेट गप्प बसतो, व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही आणि एक्झॉस्टची कड जळते. आवाज नाही म्हणून खूश होणारे इथेच फसतात. नायगावच्या गल्लीत सकाळी गाडी सुरू करून लगेच पिळली, तर ऑइल कॅमपर्यंत नीट पोचण्याआधीच घासणी सुरू होते.

रेव्ह लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो, पण तो ॲक्सिलरेटरपुरताच. जुना खंडाळा घाट भरधाव उतरताना सहाव्यातून थेट दुसरा टाकला, तर इंजिनाला मागचे चाक फिरवते. लिमिटर तिथे काय करणार? 390 च्या पुढच्या आवृत्त्यांतला स्लिपर क्लच हा झटका थोडा सोसतो, सगळा नाही. आधी ब्रेकने वेग उतरवायचा, मग एकेक गिअर.